उकिडवी बसून मोजणारी

"उभ्यानं नदी दिसत नाही, काका," असं ती म्हणायची आणि लगेच खाली बसायची. उकिडवी. दोन्ही तळपाय गोट्यांवर पुरे टेकलेले, हनुवटी गुडघ्याजवळ. तशी दोन-दोन तास बसायची आणि एकेक गोटा उलटून बघायची. बघून झालं की गोटा होता तसा परत. तसा म्हणजे ज्या अंगावर होता त्याच अंगावर. मी एकदा घाईत उलटा ठेवला, तर ओरडली. "खाली कोणीतरी राह्यते ना जी! तुमचं घर असं उपडं ठेवलं तर चालंल का?"

तुम्ही इकडे अमेरिकेत राहत असाल तर बघितलंच असेल, इथल्या लोकांना उकिडवं बसता येत नाही. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पुढं यावरूनच सगळं झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

मी चौथी शिकलेला माणूस. एकतीस वर्षं कालव्याच्या दारावर चौकीदार होतो. दार वर करायचं, खाली करायचं, पाणी किती सुटलं ते रजिस्टरला लिहायचं. माझं लिहिणं तेवढ्यापुरतंच. बायको गेली आणि मुलानं मला इकडे अमेरिकेत, बॉथेल गावी आणलं. तो दिवसभर सॉफ्टवेअरच्या ऑफिसात, सूनही तिथंच. मी घरात. खिडकीतून पार्किंग बघायचं. गाड्या जायच्या, गाड्या यायच्या. माणूस दिसायचा नाही.

एक दिवस शेजारच्या बाल्कनीत माणूस लटकलेला दिसला. अर्धाच. कमरेखालचा भाग, पाय बुटांसकट.  धावत जाऊन दार वाजवलं आणि मराठीत ओरडलो, कारण दुसरं काही येतच नव्हतं. दार उघडलं ते तिनं. तिशीची, काळीसावळी, केस आखूड कापलेले, हातात चहाचा कप.

"काऊन ओरडून राह्यले काका? पॅन्ट आहे ते. आत माणूस नाही."

नदीत उतरायची रबरी विजार होती ती, छातीपर्यंत येणारी, खाली बूट चिकटवलेले. वाळत घातली होती. मी तिथंच पायरीवर बसलो. मराठी ऐकून की भीती उतरली म्हणून, डोळ्यांना पाणी आलं. तिनं दुसरा कप आणला.

ती भंडाऱ्याकडची. माशांचं शिक्षण घेऊन इकडे आलेली. तासाभराच्या रस्त्यावर डोंगरात एका नदीवर धरण आहे, त्याच्या पाण्यावर वीज होते. तिथं एका कंपनीतर्फे तिचं काम. विजेला मागणी वाढली की धरणवाले नदीत पाणी जास्त सोडणार, मागणी घटली की कमी करणार. मार्च महिन्यात सामन माशांची, इंग्रजीत सॅल्मन म्हणतात त्यांची, पिल्लं नदीच्या काठाकाठानं, गोट्यांच्या फटीत राहतात. करंगळीच्या दोन पेरांएवढी असतात. पाणी एकदम कमी झालं की ती काठावरच राहतात, पाणी पुढं निघून जातं. म्हणून सरकारचा नियम, की पाणी तासाला दोन बोटं उतरवायचं, जास्त नाही. नियम पाळला जातो का आणि पिल्लं किती मेली, हे मोजून लिहायचं ही तिची नोकरी.

हे तिनं मला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे पाणी तोडायचं नाही, उतरवायचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, हे इंग्रजीत सांगायला मले चाळीस पानं लागतात."

आमच्या खात्यात हे दोन शब्द वेगळेच आहेत. पाणी तोडणं म्हणजे दार धाडकन खाली. उतरवणं म्हणजे वितीवितीनं. कालव्यातलं पाणी तोडलं की काठाचा ओला भराव आतून सुटतो आणि धसतो. नदीत मासे, कालव्यात माती, गोष्ट एकच. मग शनिवारी ती मला गाडीत घालून न्यायला लागली. तिच्या कामावर विनापगारी मदतनीस चालायचे. ऑफिसनं मला नारिंगी बंडी दिली आणि एक कागद दिला. त्यावर मी मराठीत सही ठोकली.

आता आमच्या मराठी लोकांचं सांगतो. राग येईल तर येऊ द्या. संक्रांतीला कुणाकडे तरी सगळे जमले होते, मुलानं मला नेलं, मी तिला बोलावलं. एक बाई हळूच म्हणाल्या, "पीएचडी करून मासे मोजते म्हणे. मासेवालीच की." तिला ऐकू गेलं. ती म्हणाली, "हो ताई, मासेवालीच. फक्त माझे विकायचे नसतात." मग एका गृहस्थानं तिळगूळ देता देता विचारलं, "आडनाव काय तुमचं?" नाव विचारलं नव्हतं, थेट आडनाव. तिनं सांगितलं. तो "अच्छा अच्छा" म्हणाला आणि ताटाकडे बघायला लागला. ती मोठ्यानं हसली. "सर, आमच्या नदीत सामनच्या पाच जाती आहेत. आडनाव कोणी विचारत नाही, पाणी मात्र सगळ्यांचं एकदमच आटते."

घरी येताना मी म्हणालो, "कशाला तोंड वाजवतेस?"

"मग कोण वाजवंल? तुम्ही तर तिळगूळ चावून राह्यले होते."

खरं होतं ते.

बायकोचं मी कुणापाशी बोलत नव्हतो. गावात सगळे म्हणाले, सुटली बिचारी. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, नैसर्गिक. मुलाला विषय काढला की रडू यायचं, म्हणून तोही काढायचा नाही. एकदा गाडीत या पोरीनं सरळ विचारलं, "काकू कशी होती?"

"चांगली होती."

"मेलेली सगळीच माणसं चांगली असतात. असं नाही चालत जी. नीट सांगा."

मी म्हणालो, "पत्त्यांत लबाडी करायची. एक्का पदराखाली लपवायची. चाळीस वर्षं मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं."

ती इतकी हसली की वळायचं ते वळण चुकलं आणि आम्ही भलत्याच गावात जाऊन पोचलो. तिथं गाडी थांबवून तिनं मला आणखी विचारलं. काय खायची, कशावर चिडायची, शेवटी काय म्हणाली. शेवटी काय म्हणाली ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. इथं लिहीत नाही.

आता त्या सकाळचं.

मार्चचा महिना, २००६ साल. आम्ही पोचलो तेव्हा उजाडून तास झाला असेल. गाडीतून उतरतानाच मला वास आला. कालव्यावर पाणी तोडलं की ओल्या चिखलाचा जो वास सुटतो, तोच. गोट्यांचा पट्टा, जो कालपर्यंत पाण्याखाली होता, तो उघडा पडून चमकत होता. चांगलं वीतभर पाणी गेलं होतं, आणि गोटे अजून वाळले नव्हते.

"तोडलं," मी म्हणालो.

तिनं बादल्या काढल्या. जिथं डबकी उरली होती तिथली जिवंत पिल्लं आधी जाळीनं उचलून नदीत सोडली. हातात घेतलं की कळत नाही काही धरलंय म्हणून, इतकं हलकं. मग मेलेली मोजायला बसलो. ती एका टोकानं, मी दुसऱ्या टोकानं, मध्ये दोरी टाकून. गोटा उचल, बघ, मोज, ठेव. वरून बघितलं तर पट्टा साफ दिसत होता. पाणी एकदम गेलं की पिल्लं पाण्यामागं पळत नाहीत, गोट्याखाली घुसतात. जन्मापासून त्यांना तेवढंच येतं, संकट आलं की लपायचं. तिथंच वाळून मरतात.

दुपार झाली. माझा आकडा आणि तिचा आकडा मिळून दोनशे सदतीस. तिनं वहीत लिहिला, खाली तारीख आणि वेळ टाकली.  

तिचा साहेब चांगला माणूस होता. मोठा, गोरा, गुडघ्यांनी अधू, मला नेहमी बिस्किटं द्यायचा. तो सोमवारी तिला म्हणाला, धरणवाल्यांची माणसं त्याच दिवशी त्याच पट्ट्यावरून फिरली, त्यांना अकरा सापडली. त्यांच्या पाणी मोजायच्या यंत्रानंही नियम मोडल्याचं दाखवलं नाही. ते यंत्र खाली दोन मैलांवर, जिथं नदी रुंद आहे तिथं बसवलेलं. तर तू आकडा पुन्हा तपास. 'सुमारे पन्नास' लिही. कारणात 'नैसर्गिक' लिही. आपलं काम धरणवाल्यांकडूनच येतं, आणि तुझा व्हिसा आपल्या कंपनीवर आहे, हे विसरू नकोस.

यातलं शेवटचं त्यानं म्हणे फार हळू आवाजात सांगितलं.

त्या काळी इकडं असं होतं की नोकरी गेली की देश सोडायचा. ती संध्याकाळी आमच्याकडे आली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि हे सगळं सांगितलं. आणि मी काय म्हणालो असेन? सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. मी म्हणालो, "लिहून टाक. मेलेले मासे काय परत येणार आहेत? मीसुद्धा लिहिलं होतं एकदा."

"काय लिहिलं होतं?"

मग सांगितलं. कालव्यावर असताना आमच्या साहेबाचा फोन आला होता, पाणी लगेच तोड. मी अर्ध्या तासात दारं खाली केली. भराव धसला, खालच्या वस्तीतल्या गोठ्यावर गेला, दोन गाई गेल्या. साहेब आले, म्हणाले, रजिस्टरला लिही, चार तासांत टप्प्याटप्प्यानं उतरवलं. मी लिहिलं. बायकोनं त्या दिवशी मला जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता उठली. 

पोरगी ऐकत होती. मला वाटलं आता म्हणेल, जाऊ द्या काका, तुमचा इलाज नव्हता. सगळे तसंच म्हणतात.

ती म्हणाली, "मग? तुम्ही लिहिलं म्हणून भराव उभा राह्यला का?"

मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"नाही ना? मग मले काऊन सांगता लिही म्हणून?" आणि चपला घालून निघून गेली. चहा तसाच राहिला.

चार दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. "काका, पुढच्या बुधवारी मीटिंग आहे. सरकारचे लोक येणार आहेत. आकडा मी बदलणार नाही. तुम्ही येता का घरी बसता?"

मी म्हणालो, "बंडी घालून येऊ का?"

"घालूनच या."

मीटिंग नदीकाठच्या गावात, वाचनालयाच्या खोलीत होती. सरकारच्या मासे खात्याची माणसं, धरणवाले, गळ टाकून मासे धरणारे चारपाच जण, आणि त्या नदीवर गोऱ्यांच्या आधीपासून राहणाऱ्या मूळ लोकांपैकी एक म्हातारी, लांब पांढरी वेणी घातलेली. तिचं वय माझ्याएवढं. ती सगळ्यांत पुढं बसली होती.

धरणवाल्यांचा एक कोट घातलेला माणूस बोलायला उठला. पोरगी मला कानात मराठीत सांगत होती. तो म्हणाला, आमच्या माणसांना अकरा सापडली, यांना दोनशे सदतीस. एवढा फरक कसा? मोजणीत मदतीला कोण होतं? एक शाळा न शिकलेले आजोबा, ज्यांना इंग्रजी येत नाही. त्यांचा अपमान करायचा नाही, पण एकच मासा दोनदा मोजला गेला असेल.

"काय म्हणाला?" मी विचारलं. शेवटचं तिनं सांगितलं नव्हतं.

"म्हणाला तुम्हाले मोजता येत नाही."

मी उठायला लागलो. तिनं बंडी धरून खाली बसवलं. "थांबा जी. अजून नाही."

ती पुढं गेली. जाताना बरोबर आणलेली बादली उचलली आणि खोलीतल्या चांगल्या गालिच्यावर एक ताडपत्री टाकून त्यावर ओतली. नदीतले ओले गोटे. खोली दणाणली. ती म्हणाली, या गोट्यांत मी आज सकाळी सूर्यफुलाच्या बिया मिसळल्या आहेत. करड्या, पट्ट्यापट्ट्याच्या, पिल्लांसारख्याच दिसतात. किती आहेत ते फक्त मला आणि मासे खात्याच्या बाईंना माहीत आहे, त्यांच्याकडे चिठ्ठी आहे. सर, तुम्ही मोजा.

कोटवाला हसला. पुढं आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, वाकला. "चार," म्हणाला.

"बसून मोजा," ती म्हणाली आणि स्वतः बसून दाखवलं.

तो बसायला गेला. टाचा उचलल्या गेल्या, हात हवेत गेले, आणि गडी मागच्या मागं गालिच्यावर. गळवाले खो खो हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. तिचा साहेब मात्र हसला नाही. आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला.

मग ती माझ्याकडे वळली. खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, या. आता."

मी गेलो. बसलो. नारिंगी बंडी घालून, सत्तरी पार केलेला, गालिच्यावर. गोटा उचल, बघ, मोज, ठेव.  मध्येच ती वेणीवाली म्हातारी उठली आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून बघायला लागली. तिनं एकही गोटा उलटा ठेवू दिला नाही. माझा एक ठेवायचा राहिला तर तिनं हातानं दाखवला.

माझे झाले. इंग्रजी आकडे मला येतात, दारावर शिकलो होतो. "फॉर्टी एट," म्हणालो.

मासे खात्याच्या बाईंनी चिठ्ठी उघडली. त्यात पन्नास.

पोरगी कोटवाल्याकडे वळून काहीतरी बोलली आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला. नंतर गाडीत मी विचारलं, काय बोललीस? म्हणाली, "सांगितलं, आमच्या काकांची चूक होते. पण कमीकडे होते. तेव्हा मेलेले दोनशे सदतीसपेक्षा जास्तच असतील, कमी नाहीत."

आकडा तसाच राहिला. अहवालात गेला, छापला गेला. तिनं मला ते पान दाखवलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडा वाचता आला, आणि कारणाच्या रकान्यात 'नैसर्गिक'सारखा एकटा शब्द नव्हता, छोटे छोटे चार-पाच शब्द होते. ती म्हणाली, "पाणी नियमापेक्षा जोरात उतरवल्यामुळं." मी म्हणालो, "तोडल्यामुळं." ती म्हणाली, "त्याले शब्द नाही ना यांच्याकडे." सरकारनं नवं यंत्र बसवायला लावलं, दोन मैल खाली नाही, त्या पट्ट्याजवळच.

आणि तीन महिन्यांत तिचं काम संपलं. काढलं असं कुणी म्हणालं नाही. करार पुढं वाढवला नाही, एवढंच. साहेबानं तिला ऑफिसच्या दारापर्यंत येऊन निरोप दिला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"सॉरी म्हणाला. उभ्यानंच."

तिनं दुसरीकडे प्रयत्न केले. व्हिसाचे दिवस भरत आले. आमच्या मराठी लोकांत कुणी म्हणालं, काय गरज होती, दोन शब्द बदलले असते तर आज ग्रीन कार्डाच्या रांगेत असती. मी तिथंच होतो. पूर्वीचा मी गप्प बसलो असतो. म्हणालो, "तुमच्यापैकी एकाला तरी खाली बसता येतं का, दाखवा. मग बोला." मुलगा मला बाहेर घेऊन गेला. "बाबा, प्लीज," म्हणाला. पण गाडीत बसल्यावर हसत होता.

विमानतळावर तिला सोडायला आम्ही बापलेक गेलो. तिच्याकडे दोन बॅगा. रडली नाही. मला म्हणाली, "पत्ते खेळत जा कोणाशी. घरात बसून मरून जासाल." मी म्हणालो, "तुझ्याशी खेळलो असतो, पण तुला लबाडी येत नाही." ती वळून गेली ते गेलीच, मागं बघितलं नाही. वर्षभर भंडाऱ्याहून फोन यायचे, तलावावर मासे मोजून राह्यली म्हणून सांगायची. मग तो नंबर लागेनासा झाला. मी अजून अधूनमधून लावून बघतो.

ती गेली त्याच्या पुढच्या मार्चमध्ये मुलाला म्हणालो, मला नदीवर ने. तो सुट्टी काढून आला. आम्ही पोचलो तेव्हा धरणवाल्यांनी पाणी उतरवायला घेतलं होतं. मी काठावर एक काडी रोवली. तासाभरानं बघितलं, दोन बोटं. त्याहून कमीच. काठाच्या कडेनं पिल्लं हळूहळू सरकत होती, पाणी जिकडे जाईल तिकडे, एकामागं एक.

मुलगा फोन बघत होता, मग नदी बघितली, मग मला.

"बाबा, दीड तास झाला. इथं काहीच होत नाहीये."

"हो," मी म्हणालो.

"मग बघताय काय?"

"तेच."